किल्ल्यांचा जुडगा आणि एक पेनड्राईव्ह

नेहरू प्लेसला मेट्रोतून उतरून फरसबंद चौकात पाऊल टाकलं की चार जण तरी कानाशी येऊन विचारतात, "लॅपटॉप रिपेअर? सॉफ्टवेअर?" दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेल्या या संकुलात कापडाची मोठी दुकानंही आहेत, पण सगळी दिल्ली त्याला ओळखते ती संगणकाचा बाजार म्हणून. दहा-बारा वर्षांपूर्वी तिथल्या वरच्या मजल्यावरच्या एका गाळ्यात मी माझा लॅपटॉप उघडून बसलो होतो. कारागिराच्या टेबलाशेजारी एका खिळ्याला पेनड्राईव्हचा जुडगा टांगलेला होता, घरमालकाकडे खोल्यांच्या किल्ल्यांचा असतो तसा. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने लिहिलेलं: 'विन ७ – ३२', 'विन ७ – ६४', 'विन ८', 'उबंटू', 'रॅम टेस्ट'. गिऱ्हाईक "भैया, विंडोज डलवानी है" म्हणालं की तो न बघता जुडग्यातला नेमका पेनड्राईव्ह काढायचा.

आज त्याच बाजारात बहुतेक कारागिरांना असा जुडगा लागत नाही. एक पेनड्राईव्ह लावला की पडद्यावर यादी येते, बाणाच्या कळीने हवी ती प्रणाली निवडायची. जुडग्यातल्या प्रत्येक पेनड्राईव्हवर भरपूर जागा रिकामीच असायची, तरीही इतकी वर्षं 'एक पेनड्राईव्ह, एक प्रणाली' असंच का चाललं? अडचण जागेची नव्हतीच. बटण दाबल्यापासून पुढच्या काही सेकंदांत संगणकात जे घडतं, त्यात ती आहे. ते समजलं की असा पेनड्राईव्ह बनवणं सोपं होतं, आणि तो बिघडला तर दुरुस्त करणंही.

बटण दाबतो त्या क्षणी प्रोसेसरला ना डिस्क ठाऊक असते, ना फाईल, ना फोल्डर. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये छोटा कार्यक्रम कायमचा लिहून ठेवलेला असतो, तेवढाच त्याला वाचता येतो. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीपासून या कार्यक्रमाला बायोस म्हणत आले. तो मेमरी, कीबोर्ड, पडदा तपासतो आणि मग डिस्कचा अगदी पहिला तुकडा उचलतो. हा तुकडा ५१२ बाइटचा असतो. त्याच्या शेवटच्या दोन बाइटमध्ये ठरलेली खूण असली की बायोस डोळे मिटून त्यातला कार्यक्रम चालू करतो. १९८३ मध्ये हार्ड डिस्कची सोय झाली तेव्हा या ५१२ बाइटची वाटणी ठरली: ४४६ बाइट कार्यक्रमाला, ६४ बाइट डिस्कच्या चार वाट्यांच्या नोंदींना आणि २ बाइट खुणेला. देवनागरीतलं एक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेतं. म्हणजे ४४६ बाइटमध्ये मराठीची दीडशे चिन्हंही मावत नाहीत. एवढ्याशा जागेतला कार्यक्रम करून करून काय करणार? तो आपल्याहून मोठ्या कार्यक्रमाचा पत्ता शोधतो, त्याला जागं करतो आणि बाजूला होतो.

पुढेही हेच चालतं. जागा झालेला मोठा कार्यक्रम म्हणजे बूटलोडर, लिनक्सच्या जगात बहुधा ग्रब. तो प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणून ठेवतो आणि स्वतः संपतो. कर्नल जागा होतो, स्वतःचे ड्रायव्हर चालू करतो आणि आपलं उरलेलं घर, म्हणजे बाकीच्या हजारो फायली, शोधू लागतो. प्रत्येक जण पुढच्याला उठवून निघून जातो आणि जाताना आपल्याला माहीत असलेलं बरंचसं सोबत घेऊन जातो. हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्यावं, कारण पुढची सगळी भानगड तिथेच आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या संगणकांत बायोसची जागा यूईएफआयने घेतली. इंटेलने इटॅनियम प्रोसेसरसाठी सुरू केलेलं हे काम २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून स्थापलेल्या मंचाकडे गेलं. यूईएफआय बायोससारखा आंधळा नाही. त्याला फॅट पद्धतीची डिस्क वाचता येते आणि तिच्यावरच्या ठरलेल्या फोल्डरात ठरलेल्या नावाची फाईल शोधता येते. ४४६ बाइटचा जाच संपला. साखळी मात्र तीच राहिली.

सीडीच्या काळात या साखळीचा त्रास होत नव्हता, कारण एका सीडीवर एकच प्रणाली नांदायची. सीडीवर फायली कशा मांडायच्या याचं आयएसओ ९६६० हे प्रमाण १९८८ चं आणि सीडीवरून संगणक कसा सुरू करायचा याचं 'एल तोरितो' हे प्रमाण १९९५ चं. सीडीची हुबेहूब नक्कल असलेल्या फाईलला आपण आजही आयएसओ म्हणतो ते त्यातूनच. भारतात लिनक्स पोचलं तेही सीडीच्या पाठीवर बसून. दिल्ली-गुडगावातून चालणाऱ्या सायबरमीडियाच्या 'पीसीक्वेस्ट' मासिकाने १९९६ पासून अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या. महिनाभर मोडेम चालवूनही जे उतरवता आलं नसतं ते वाण्याच्या दुकानाशेजारच्या पेपरवाल्याकडे मिळू लागलं. नंतर कॅनॉनिकल कंपनी २०११ पर्यंत उबंटूच्या सीडी मागेल त्याच्या घरी टपालाने फुकट पाठवायची. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या कपाटात ती पाकिटं अजून असतील. जर्मनीच्या क्लाउस क्नोपर यांनी २००० मध्ये आणलेल्या क्नॉपिक्सने आणखी एक दार उघडलं. हार्ड डिस्कला हातही न लावता अख्खी प्रणाली सीडीवरूनच चालवता येऊ लागली. तिला 'लाइव्ह' म्हणतात आणि आजच्या बहुतेक लिनक्स आयएसओ तशाच असतात.

या सगळ्या आयएसओ एका समजुतीवर बांधलेल्या आहेत: अख्खी तबकडी माझी. स्वतंत्र बंगल्यात वाढलेल्या माणसासारख्या. अशा दहा जणांना आपण एका पेनड्राईव्हच्या चाळीत आणून ठेवतो तेव्हा काय होतं ते बघा. ग्रबला आयएसओ फाईलच्या आत डोकावता येतं. तो त्या फाईललाच तबकडी मानतो आणि आतून उबंटूचा कर्नल उचलून मेमरीत ठेवतो. इथवर छान. मग ग्रब संपतो आणि 'ही फाईल म्हणजे तबकडी' ही समजूतही त्याच्याबरोबर जाते. कर्नल जागा होतो आणि आपल्या नावाची सीडी शोधतो. त्याला दिसतो एक पेनड्राईव्ह आणि त्यावर काही गीगाबाइटच्या दहा फायली. घर समोर असतं, पण ते पेटीत बंद आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मग काळ्या पडद्यावर त्रोटक तक्रार येते आणि सगळं थांबतं.

यावर पहिला तोडगा निघाला तो चिठ्ठीचा. ग्रबने कर्नलला उठवताना त्याच्या हातात एक सूचना द्यायची: तुझं घर अमुक फाईलमध्ये आहे. उबंटू ही चिठ्ठी एका शब्दात वाचतं, डेबियन दुसऱ्या, आणि काही वितरणांना ती वाचताच येत नाही. त्यामुळे प्रत्येक प्रणालीसाठी वेगळ्या ओळी लिहायच्या, नवी आवृत्ती आली की पुन्हा तपासायच्या. मी या पद्धतीने बरीच वर्षं पेनड्राईव्ह बनवले आणि साखळी कशी चालते ते त्यातूनच शिकलो. विंडोजला तर चिठ्ठीचा उपयोगच नाही. त्याची छोटी आवृत्ती, विंडोज पीई, संपूर्णपणे मेमरीत उतरते आणि मग स्थापनेच्या फायली शोधू लागते. त्या आयएसओच्या पोटात असतात, तिला दिसत नाहीत, आणि संगणकाला लागणारा ड्रायव्हर सापडत नाही असा संदेश येतो. तो वाचून लोक तासन् तास ड्रायव्हर शोधत बसतात. ड्रायव्हर शाबूत असतो. हरवलेली असते ती तबकडी.

२०२० च्या एप्रिलमध्ये व्हेंटॉय हा मुक्त स्रोत कार्यक्रम आला आणि त्याने हे कोडं दुसऱ्या बाजूने सोडवलं. प्रत्येक प्रणालीला नवी भाषा शिकवण्याऐवजी तो प्रत्येकीची जुनी समजूतच खरी करून दाखवतो. निवडलेली आयएसओ पेनड्राईव्हच्या नेमक्या कुठल्या तुकड्यांवर लिहिलेली आहे याचा नकाशा तो आधी तयार करतो आणि त्यावरून यूईएफआयपुढे एक आभासी सीडी उभी करतो. शिवाय कर्नल जागा होत असताना त्याच्या सुरुवातीच्या सामानात आपला एक तुकडा सरकवतो. तो तुकडा लिनक्समध्ये त्याच नकाशावरून पुन्हा तीच सीडी उभी करतो, विंडोज पीईमध्ये आयएसओ जोडून देतो. आधीचा निघून गेला तरी त्याची समजूत पुढच्याच्या हातात पोचते. मला या युक्तीचं फार कौतुक वाटतं, कारण एकाही प्रणालीच्या निर्मात्याला आपली आयएसओ बदलावी लागली नाही.

बनवण्याची कृती त्यामुळे थोडक्यात आटोपते. व्हेंटॉय त्याच्या अधिकृत जागेवरून उतरवायचा, पेनड्राईव्ह लावायचा, यादीतून तोच पेनड्राईव्ह निवडल्याची दोनदा खात्री करायची आणि 'इन्स्टॉल' दाबायचं. पेनड्राईव्हवरचं सगळं पुसलं जातं, आणि यादीत चुकून बाहेरची हार्ड डिस्क निवडली तर तिच्यावरचंही, म्हणून ती दोनदा खात्री. आता पेनड्राईव्हचे दोन वाटे झालेले असतात. मोठा वाटा एक्सफॅट पद्धतीचा, त्यावर आयएसओ नेहमीच्या फायलींसारख्या कॉपी करायच्या. धाकटा ३२ मेगाबाइटचा, फॅट पद्धतीचा, त्यात व्हेंटॉय स्वतः राहतो. दोन वाटे कशाला? यूईएफआयला खात्रीने वाचता येतं ते फॅट, पण फॅट३२ वर ४ गीगाबाइटची फाईलही मावत नाही आणि विंडोज ११ ची आयएसओ ५ गीगाबाइटच्या पुढे जाते. प्रणाली काढून टाकायची तर तिची फाईल पुसायची, नवी आली तर कॉपी करायची. संगणक सुरू करताना डेल किंवा लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबून पेनड्राईव्ह निवडला की यादी समोर येते.

माझ्या ६४ गीगाबाइटच्या पेनड्राईव्हवर विंडोज ११, लिनक्स मिंट, डेबियन, मेमरी तपासणारं मेमटेस्ट, डिस्कचे वाटे बदलणारं जीपार्टेड, अख्ख्या डिस्कची प्रत काढणारं क्लोनझिला आणि वाचवण्याची सगळी हत्यारं असलेलं सिस्टमरेस्क्यू आहे. विंडोजची आयएसओ मायक्रोसॉफ्ट स्वतः उतरवू देते, परवाना मात्र वेगळा लागतो. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाच्या बदनाम बाजारांच्या यादीत नेहरू प्लेसचं नाव लागलं होतं ते चोरट्या मालामुळे. कुणाच्यातरी 'ॲक्टिव्हेट करून दिलेल्या' आयएसओत आणखी काय भरलंय हे कळायला मार्ग नसतो. मूळ जागेवरून घेतलेली आयएसओसुद्धा तपासावी. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसून कुणीतरी आयएसओचा दुवा बदलला आणि मागचं दार ठेवलेली प्रत लोकांच्या हाती दिली. म्हणून निर्माते आयएसओसोबत शा-२५६ ची ६४ अक्षरी ओळख छापतात. आपल्या फाईलची ओळख काढून दोन्ही जुळवायच्या. दोन मिनिटांचं काम आहे, टाळू नये. हीच कसोटी व्हेंटॉयलाही लागते. त्याच्या स्रोतात काही आयत्या बायनरी फायली आहेत असा आक्षेप २०२४ मध्ये घेतला गेला आणि तो मला रास्त वाटतो. संगणकात सगळ्यात आधी जागं होणाऱ्या कार्यक्रमाचा स्रोत पूर्ण तपासता येईल, ही अपेक्षा ठेवायलाच हवी.

पेनड्राईव्हही पारखून घ्यावा. दिल्लीत एका फुटपाथवर मी ५१२ गीगाबाइटचा पेनड्राईव्ह अशा भावात घेतला की तेव्हाच शंका यायला हवी होती. आतली चिप १६ गीगाबाइटची होती आणि नियंत्रकाला ५१२ सांगायला शिकवलेलं होतं. असे पेनड्राईव्ह फायली स्वीकारत राहतात, नावं नीट दाखवतात, पण खरी जागा संपल्यावर लिहिलेलं सगळं हवेत जातं. आयएसओ सुरू होते आणि मध्येच कोसळते, आणि आपण दोष देतो व्हेंटॉयला. लिनक्सवरचं एफ३ किंवा विंडोजवरचं एच२टेस्टडब्ल्यू हे कार्यक्रम पेनड्राईव्ह काठोकाठ भरतात आणि पुन्हा वाचून ताळा करतात. नवा पेनड्राईव्ह घेतला की मी आधी हे करतो.

राहता राहिला सिक्युअर बूट. विंडोज ८ च्या वेळी, २०१२ मध्ये, तो घरोघरच्या संगणकांत आला. सही नसलेला कार्यक्रम सुरूच होऊ द्यायचा नाही, हा त्याचा नियम. व्हेंटॉय पहिल्यांदा लावल्यावर निळा पडदा येतो तो याचमुळे. घाबरून लोक सिक्युअर बूट बंद करतात. त्याऐवजी पडद्यावरच्या यादीतून व्हेंटॉयची किल्ली त्या संगणकात एकदा नोंदवावी. सिक्युअर बूट बंद केला तर डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असलेलं विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी किल्ली मागू शकतं आणि ती कुठे ठेवली हे घरात कुणालाच आठवत नसतं.

अशा पेनड्राईव्हचं आणि या किल्लीचं महत्त्व दिल्लीने एकदा उघड्यावर पाहिलं. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा कार्यक्रमाचा एक सदोष अद्ययावत तुकडा जगभर गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. इंदिरा गांधी विमानतळावर कर्मचारी पांढऱ्या फळ्यावर हाताने विमानांची माहिती लिहीत होते. दोष एका फाईलचा होता आणि ती पुसली की संगणक सुटत होता. पण पुसणार कशी? प्रणाली सुरू होता होताच कोसळत होती, आणि न सुरू होणाऱ्या यंत्राला दुरून दुरुस्त करता येत नाही. कुणीतरी त्या यंत्रापाशी जाऊन त्याला दुसऱ्या वाटेने जागं करायला हवं होतं. मायक्रोसॉफ्टने लगेच जे साधन प्रसिद्ध केलं ते सुरू होणारा यूएसबी पेनड्राईव्ह बनवण्याचंच होतं. आणि बिटलॉकरची कुलपं असलेल्या यंत्रांवर तिथेही तीच ४८ अंकी किल्ली शोधावी लागली.

आमच्या नोएडातल्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांचा लॅपटॉप २०१४ चा. गेल्या हिवाळ्यात विंडोज १० सुरू होईना. दुकानातून उत्तर आलं, भंगारात द्या. विंडोज १० ला मिळणारी सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली होती, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यांचा चौथ्या पिढीचा. मी पेनड्राईव्ह लावला, मिंट लाइव्ह सुरू केलं, त्यांची डिस्क उघडली. नातवाचे फोटो, यजमानांच्या आजारपणाचे कागद, सगळं जागच्या जागी होतं. काकू क्षणभर खूश झाल्या आणि मग त्यांचा चेहरा बदलला.

"पासवर्ड तर तू विचारलाच नाहीस."

"लागलाच नाही, काकू. तो विंडोजच्या दारावर होता. आपण दुसऱ्या दाराने आलो."

"म्हणजे असा पेनड्राईव्ह घेऊन कुणीही येईल?"

येईल. डिस्क सांकेतिक केलेली नसेल तर लॅपटॉप ज्याच्या हाती तो तिचा मालक. पेनड्राईव्ह बनवायला शिकणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं, आणि लॅपटॉप दुरुस्तीला देणाऱ्या प्रत्येकालाही.

त्या संध्याकाळी फायली बाहेरच्या डिस्कवर काढल्या. सिस्टमरेस्क्यूने सांगितलं की जुनी हार्ड डिस्क अखेरच्या घटका मोजते आहे, पण मेमटेस्टला मेमरीत एकही दोष सापडला नाही. म्हणजे लॅपटॉप मेला नव्हता, एक सुटा भाग मेला होता. दिल्लीत भंगारात दिलेल्या लॅपटॉपची वाट बहुधा ईशान्येकडच्या सीलमपूरला जाते. तिथे गल्ल्यांमध्ये तारा जाळून तांबं काढतात, आम्लात बोर्ड बुडवून धातू वेगळे करतात, आणि तो धूर तिथली माणसं रोज छातीत घेतात. एका पेनड्राईव्हने जो लॅपटॉप वाचू शकतो तो तिथे पोचू नये, असं मला मनापासून वाटतं.

नवी एसएसडी बसवली. मग कुठली प्रणाली टाकायची हा प्रश्न आला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस लिनक्स २००७ पासून आहे, चेन्नईच्या केंद्राने घडवलेली, डेबियनवर बेतलेली आणि भारतीय भाषांची सोय असलेली. ती माझ्या पेनड्राईव्हवर त्या दिवशी नव्हती, तिचं मूळ असलेलं डेबियन होतं. यादीतून ते निवडलं. डेबियनची स्थापना दोन प्रकारे करता येते, अक्षरी पडद्यावर किंवा चित्रमय, आणि देवनागरीसाठी चित्रमयच घ्यावी लागते. पहिलाच प्रश्न भाषेचा असतो. लांबलचक यादी येते, इंग्रजीत नाव आणि पुढे त्या भाषेच्या लिपीत. काकू चष्मा सावरून वाचत होत्या. मी यादी खाली सरकवत असताना त्यांनी माझा हात धरला आणि 'मराठी' या शब्दावर बोट ठेवलं.

"हे आपलंच ना रे? थांब, मी दाबते."